सतराव्या दिवसाचा होकार

पत्र आलं तेव्हा पुनमाया अप्पांना दुपारची नाचणीची पेज भरवत होती, आणि अप्पांना भरवताना घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही असा नियम होता. त्यामुळे शाल्मलीनं ते पडद्यावर तीनदा वाचलं तरी तोंडातून चकार शब्द काढला नाही.

"स्थानिक-शोध विभाग, कराड. विषय: श्रीमती पुनमाया थामी, राहणार नेपाळ, यांच्या परवान्याचे नूतनीकरण. काम: अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाची पूर्णवेळ शुश्रूषा. निर्णय: तूर्त नामंजूर. कारण: सदर कामास राजी होईल अशी स्थानिक व्यक्ती आढळली आहे. अपेक्षित होकार: शोधकाळाचा सतरावा दिवस."

खाली व्यक्तीचं नाव होतं. शाल्मली निनाद खरमाटे, वय पंचेचाळीस. म्हणजे ती स्वतःच.

अप्पा हे तिचे सासरे. उभी हयात वीजमंडळात वायरमन म्हणून काढलेला माणूस; वादळात खांबावर चढताना ज्याचे पाय कधी लटपटले नाहीत, त्याचं आता अंग आखडत चाललं होतं. हात गेले, पाय गेले, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं, आणि शेवटी गिळणंही अवघड होऊन बसलं. पुनमाया चमच्याची पाठ त्यांच्या खालच्या ओठाला टेकवायची, बारीक आवाजात एकच सूर धरायची आणि कंठमणी वर उचलला जाईपर्यंत थांबायची. सूर थांबला की अप्पा गिळायचे. एका वाटीला पाऊण तास. दिवसाला सहा वाट्या. अशी सहा वर्षं.

आता हा स्थानिक-शोध म्हणजे काय, ते सांगायला हवं. परदेशातला माणूस कामावर ठेवायचा तर आपल्यात ते काम करणारं कुणी नाही हे आधी दाखवायचं, हा नियम तसा जुनाच. पूर्वी त्यासाठी जाहिरात द्यावी लागे, आणि ती कशी द्यायची यात मालक मंडळी चांगली तयार झाली होती. ज्याचा खप फक्त रद्दीवाल्याला ठाऊक अशा एखाद्या वर्तमानपत्रात, मुंगीएवढ्या अक्षरात छापायचं: 'पाहिजे. वय एकवीस, अनुभव बारा वर्षे, मुलाखत उद्या पहाटे पाच वाजता.' अर्थातच कुणी फिरकायचं नाही. मग मालक दोन्ही हात वर करून म्हणायचे, बघा, आपल्या लोकांना कामच नको!

ही लबाडी बंद करायची म्हणून शास्त्रज्ञांनी वेगळी वाट काढली. जाहिरात नको आणि माणसाला विचारूही नका. त्याच्या शरीराला विचारा. तब्येतीसाठी म्हणून लहानपणापासून प्रत्येकाच्या मनगटावर नाडीपट्टी असायचीच. तिच्यात वर्षानुवर्षांची नोंद साठलेली. त्या नोंदीवरून एखाद्या कामाला कोण माणूस केव्हा हो म्हणेल, याचं गणित त्यांनी बसवलं. त्या क्षणाला नाव दिलं 'होकारबिंदू'. ज्या कामासाठी एकवीस दिवसांच्या आत कुणाही स्थानिकाचा होकारबिंदू येतो, त्या कामावर परदेशी माणूस ठेवता येत नाही. हिशेब सरळ होता. लोकांनी पेढे वाटले. त्या वेळी ज्या मोर्चांनी हा कायदा आणला त्यांतल्या एका मोर्चात शाल्मलीही होती, आणि घोषणा देऊन देऊन तिचा घसा बसला होता, हे इथं सांगितलंच पाहिजे.

शाल्मली बोअर मारणाऱ्यांच्या घरातली. वडिलांची बोअरची गाडी होती. ती शिकून खोल खोदकामाची इंजिनिअर झाली. वर आलेला चिखल दोन बोटांत चोळून खाली कुठला खडक लागलाय हे ती यंत्राआधी सांगायची. लडाखच्या पुगा खोऱ्यात चार किलोमीटर खोल भोक पाडून जमिनीच्या उष्णतेवर वीज काढायची होती, आणि त्या खोदकामाची प्रमुख म्हणून तिची निवड झाली होती. दोन वर्षं तिकडं राहायचं. या एका नेमणुकीसाठी तिनं अकरा वर्षं वाट पाहिली होती. निघायला बरोब्बर सव्वीस दिवस उरले होते.

आणि होकार दिला, की कायद्यानं तीन वर्षं ते काम सोडता येत नव्हतं.

संध्याकाळी तिनं नवऱ्यापुढे पत्र धरलं. निनाद इथेनॉलच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होता. स्वभावानं गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"असं कसं करतात हे लोक?" तो म्हणाला. "तू कशाला हो म्हणतेस? नको म्हणून टाक."

"आणि तू?"

"मी काय?"

"सव्वापाच लाख माणसं तपासली म्हणे. चाळीस किलोमीटरच्या आत घर असलेली सगळी. त्यात तूही असशील की."

"अगं, मला जमणारंय का ते? त्यांच्या घशात अडकलं-बिडकलं तर?" निनाद म्हणाला, आणि चहाचा कप धुवायला उठला. एरवी तो कधी कप धूत नसे.

शोधकाळ दुसऱ्या दिवसापासून सुरू होणार होता. त्या एकवीस दिवसांत परदेशी कामगारानं घरात राहायचं नाही, हाही नियम. कारण काम दुसरं कुणी करत असलं की नाही म्हणणं सोपं जातं आणि शोध बिघडतो. घरच्यांपैकी कुणी हाती घेतलं, तर तो कृतीनं दिलेला होकार धरायचा. मनगटावरची पट्टी ते बरोब्बर नोंदवते. अप्पांसाठी विभागानं एक भरवणयंत्र पाठवून दिलं. यंत्र चांगलं होतं, रबरी हाताचं, अजिबात न थकणारं. फक्त म्हातारी माणसं त्याच्या हातून खात नसत, आणि का खात नाहीत हे कुणालाही नक्की सांगता येत नव्हतं. नाकातून नळी घालू नये असं अप्पांनी हात चालत होते तेव्हाच लिहून ठेवलेलं.

पुनमायानं पिशवी भरली. कामगारांचं वसतिगृह तीन किलोमीटरवर मलकापूरला होतं.

"वहिनी, बाला जेवताना उजवीकडं कलतं ठेवा," ती म्हणाली. अप्पांना ती 'बा' म्हणायची; सहा वर्षांत तिचं मराठी अस्सल कराडचं झालं होतं. "म्हंजे यंत्राला सांगा तसं."

"तुमच्याकडं आहे का गं हे असलं मापन? तुझ्या गावी?"

"आमच्याकडं कशाला पायजे यंत्र?" पुनमाया हसली. "हो कोण म्हणनार, ते गावात सगळ्यांना पहिल्यापास्नंच म्हाईत असतंय."

तिसऱ्या दिवशी शाल्मली मापन केंद्रात जाऊन धडकली. तिथले प्रमुख डॉ. हेरवाडकर. होकारबिंदूचं मूळ गणित ज्या चार जणांनी मांडलं त्यांतले एक. पन्नाशी उलटलेले, बारीक चणीचे. सुपारीची डबी सतत हातात फिरत असायची. तिनं बाहेर वाट पाहिली नाही, सरळ आत गेली.

"माझं नाव काढा," ती म्हणाली. "मला हे काम करायचं नाही. लिहून देते."

"बसा की आधी," डॉक्टर म्हणाले. "लिहून देऊन काय होतंय? असं बघा, आम्ही इच्छा मोजतच नाही. इच्छा म्हणजे भानगडीचं प्रकरण. आम्ही मोजतो ताकद."

"कसली?"

"नकाराची." त्यांनी डबी टेबलावर ठेवली. "तुम्ही पाण्यानं भरलेली कळशी हात लांब करून धरलीत. किती वेळ धराल? पाच मिनिटं, सात मिनिटं. तुमची खाली ठेवायची इच्छा असो वा नसो, तुमच्या दंडाकडं बघून मला सांगता येईल, ही कळशी अमुक मिनिटाला खाली येणार. नकाराचंही तसंच आहे. नाही म्हणायला शरीराला जोर लावावा लागतो. नाडी बदलते, श्वास बदलतो, झोप बदलते. रोज थोडा थोडा तो जोर झिजतो. संपला की माणूस हो म्हणतो आणि त्याला वाटतं, आपण विचार करून म्हणालो."

"पण माझा झिजणारच नाही."

"तुमचा सतरा दिवस पुरतो. बऱ्यापैकी आहे. गेल्या वर्षी एका बाईंचा दुसऱ्या दिवशी संपला होता."

शाल्मलीला त्या माणसाचा राग आला, पण तो तिला घाबरवायला बोलत नव्हता हेही दिसत होतं. कॅलेंडर वाचून दाखवावं तसं तो सांगत होता. तिनं विचारलं, "कशावरून काढलंत हे? मी तर मापनासाठी कुठल्या खुर्चीतसुद्धा बसले नाही तुमच्या."

"जानेवारीत आमच्या निरीक्षक बाई तुमच्या घरी येऊन गेल्या. आठवतंय? त्यांनी विचारलं, पुनमायाबाई रविवारी सुट्टीवर असतात तेव्हा सासऱ्यांचं कोण करतं? तुम्ही काय म्हणालात?"

शाल्मलीला आठवलं. बाईंना पोहे दिले होते. त्यांनी विचारलं, फार ओढाताण होत असेल ना? आणि ती म्हणाली होती, छे हो, त्यात काय, आपल्याच माणसाचं करायचं.

"अहो, ते आपलं बोलायची पद्धत म्हणून!" ती उसळून म्हणाली. "पाहुण्यांपुढं दुसरं काय म्हणणार? कुठलीही सून हेच म्हणेल!"

"म्हणतातच. मी स्वतः ऐकलंय शेकडो वेळा. पट्टीवर बाकीच्यांची नाडी दाखवून देते की ह्या पद्धत म्हणून बोलतायत." डॉक्टरांनी पडदा तिच्याकडे वळवला. "तुमची नाडी हलली नव्हती. तुम्ही खरं बोलत होता."

अप्पांवर तिचा जीव होता, ही गोष्ट खोटी नव्हतीच. लग्न होऊन आली तेव्हा बोअरच्या गाडीवर बायकांनी बसू नये म्हणणाऱ्या घरात या एका माणसानं तिला विचारलं होतं, किती फुटांवर पाणी लागतं गं आपल्याकडं? पण जीव असणं वेगळं आणि जीव वाहून टाकणं वेगळं, हे या माणसाच्या गणिताला कुणी शिकवलं नव्हतं.

"माझ्या नवऱ्याचा बिंदू कधी येतो?" तिनं विचारलं.

डॉक्टरांनी पडद्यावर बोट फिरवलं. "निनादरावांचा... एकोणीस वर्षांनी."

"एकोणीस वर्षांनी अप्पा शंभरी ओलांडतील."

"हो ना," डॉक्टर म्हणाले. त्यांना ते विनोदी वाटलं नाही.

"आणि आता मला हे सगळं कळलंय. सतरावा दिवस माहीत झाल्यावर मी त्या दिवशी हो म्हणेन का?"

"तुम्हाला कळणार, हे गणितात धरलेलंच आहे ताई. तुम्ही इथं येऊन भांडणार, हेही."

"त्या दिवशी होणार काय असं? काय घडणारंय?"

"ते आम्हाला दिसत नाही. कारण दिसत नाही, ताकद दिसते." त्यांनी एक सुपारी तोंडात टाकली. "आणखी एक सांगतो, खासगीत. बिंदू हलतो. कसून हात कमावला तर कळशी जास्त वेळ धरता येते. फार थोड्यांना जमतं."

शाल्मली उठली. तिला जेवढं हवं होतं तेवढं मिळालं होतं. खडक कितीही कठीण असो, बोअरचा फाळ बदलून बदलून खाली जाता येतं, यावर तर तिचं पोट चाललं होतं.

मग तिनं स्वतःला कमवायला घेतलं. अप्पांच्या खोलीत जायचं नाही. गेलं तर बसायचं नाही. यंत्र भरवताना दाराबाहेर थांबायचं आणि आत जे होईल ते ऐकायचं, पण पाऊल उचलायचं नाही. पहिले चार दिवस अप्पांनी दोन-चार चमचे घेतले. पाचव्या दिवसापासून यंत्राचा हात पुढे आला की ते ओठ मिटून घ्यायला लागले. पलंगालाच वजनकाटा होता. अठ्ठेचाळीस किलोंवरून आकडा सेहेचाळीसवर आला, मग पंचेचाळीसवर. यंत्र न रागावता, न थकता, गार झालेला चमचा पुन्हा पुन्हा पुढे करत राही.

सातव्या दिवशी दाराबाहेर उभ्या असलेल्या शाल्मलीला अप्पांनी नजरेनंच आत बोलावलं. ती उंबऱ्यापर्यंत गेली.

"तू... जा," अप्पा म्हणाले. एवढे दोन शब्द बोलायला त्यांना मिनिटभर लागलं. "वर. जा."

वर म्हणजे लडाखला. शाल्मलीला हुंदका आला. त्यांनी नको जाऊ म्हटलं असतं तर तिला नाही म्हणणं किती सोपं गेलं असतं! स्वयंपाकघरात जाऊन ती ओट्याला धरून उभी राहिली. हात आपोआप पेजेच्या पातेल्याकडे गेला होता. तिनं तो हात नळाखाली धरला आणि बोटं गार पडेस्तोवर तसाच ठेवला. त्या दिवशी कळशी खाली यायची ती आली नाही.

आठव्या, नवव्या दिवशीही ती दाराबाहेर उभी राहिली. दहाव्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की आता चमचा ताटलीवर आपटल्याचा आवाज येतो आणि आपण पुग्याच्या नकाशावर पेन्सिलीनं खुणा करत राहतो. तिला स्वतःचं कौतुक वाटलं आणि लगेच थोडी भीतीही वाटली. निनाद दोन घास खाऊन उठायचा. "डॉक्टरांना बोलावू का?" एवढंच रोज विचारायचा. वैद्य येऊन गेले. एकविसाव्या दिवसापर्यंत काढतील, नाही काढणार, दोन्ही शक्य आहे म्हणाले.

तेराव्या दिवशी रुंजी आली. रुंजी म्हणजे त्यांची एकुलती मुलगी, वय एकोणीस, शिरवळला पशुवैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला. परीक्षा दोन आठवड्यांवर होती.

"अगं, अशी मध्येच?" शाल्मलीनं विचारलं.

"अभ्यासाची सुट्टी आहे. घरी बरा होतो." रुंजीनं पिशवी टाकली आणि ती थेट आजोबांच्या खोलीत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"आई, वजन चव्वेचाळीस झालंय."

"माहीत आहे मला."

"तुला काहीच होत नाही?"

"होतं," शाल्मली म्हणाली. "म्हणून तर आत जात नाही. आठ दिवसांचा प्रश्न आहे रुंजी. एकविसावा दिवस उलटला की पुनमाया परत येते, तीन वर्षांचा परवाना घेऊन. अप्पाही सुटतील, मीही सुटेन. आत्ता कुणी मऊ पडलं तर सगळंच हातचं जाईल. कळतंय ना?"

"कळतंय," रुंजी म्हणाली. मग म्हणाली, "तू जाणार म्हणजे जाणारच ना पुग्याला?"

"जाणार."

"मग ठीक आहे."

तिच्या त्या 'ठीक आहे'मध्ये काय होतं, हे शाल्मलीनं तेव्हा विचारायला हवं होतं. पण सतरावा दिवस चार दिवसांवर आला होता आणि तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

सतराव्या दिवशी ती पहाटेच उठली. त्या दिवशी 'हो' हा शब्दच तोंडातून काढायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं. हा शुद्ध बावळटपणा आहे हे तिला कळत होतं. होकार द्यायचा तर केंद्रात जाऊन सही तरी करावी लागते नाहीतर काम तरी हाती घ्यावं लागतं. दूधवाल्याला हो म्हटल्यानं काही होत नाही. तरी दूधवाल्यानं "दोन लिटर ना वैनी?" विचारलं तेव्हा तिनं नुसती दोन बोटं दाखवली. निनादशी ती मानेनं बोलली. साडेनऊला मात्र तिला घरात थांबवेना. अप्पा आता ओठ मिटायचेही कष्ट घेत नव्हते. यंत्रानं तोंडात घातलेलं तसंच ओघळून उशीवर येत होतं. ती गाडी काढून ओगलेवाडीच्या यार्डात गेली आणि दिवसभर पुग्याला पाठवायचे फाळ मोजत, तेल लावत, खोक्यांत भरत बसली. दिवसात फोनकडे पाहिलंसुद्धा नाही.

ऊन कलल्यावर परत आली तर घर शांत होतं. अप्पा झोपले होते. त्यांचा चेहरा निवलेला दिसत होता. काटा पाहिला, वजन पावशेरानं वर आलं होतं.

"जेवले?" तिनं विचारलं.

"जेवले," रुंजी म्हणाली. "यंत्रानं भरवलं. आज घेतलं त्यांनी."

"यंत्राच्या हातून?"

"घेतलं म्हणते ना!"

स्वयंपाकघरात ओट्यावर एक वाटी आणि एक चमचा धुऊन पालथा घातलेला होता. यंत्राला वाटी लागत नाही, त्याला स्वतःचं भांडं असतं. दोन बोटांत चिखल चोळून अर्ध्या कोसावरचा खडक ओळखणाऱ्या बाईनं त्या वाटीकडे एकदा पाहिलं, फडक्यानं ती पुसली आणि फळीवर ठेवून दिली. त्या दिवशी ती कित्येक आठवड्यांनी गाढ झोपली.

अठराव्या दिवशी सकाळी दहाला शाल्मली डॉ. हेरवाडकरांच्या समोर उभी होती. चेहऱ्यावरचं हसू लपवायचा तिनं मुळीच प्रयत्न केला नाही.

"काय डॉक्टर? सतरावा दिवस काल होता ना? मी हो म्हणाले नाही."

"नाही म्हणालात," डॉक्टर म्हणाले. "अभिनंदन. तुमचा बिंदू अकराव्या दिवशीच हलला. मी पाहत होतो. इतका हललेला मी आजवर तीन-चारच पाहिलेत."

"मग पत्र द्या. पुनमायाला परत न्यायचंय मला. तीन दिवस राहिलेत, पण तुमचं यंत्र चुकलंच आहे तर..."

"यंत्र चुकलं नाही ताई." त्यांनी डबी उघडली आणि काही न घेता मिटली. "सतराव्या दिवशी होकार आला. दिवस बदलला नाही. नाव बदललं."

शाल्मली समोरची खुर्ची ओढून बसली.

"तुमचा बिंदू एकवीस दिवसांच्या पलीकडं गेला की नियमानं पुढचं नाव काढावं लागतं. त्या माणसाला बाराव्या दिवशी पत्र गेलं. पत्र गोपनीय असतं, घरच्यांनाही सांगत नाहीत. काल दुपारी तिनं काम हाती घेतलं. तीन वाट्या भरवल्या. नंतर इथं येऊन सहीही करून गेली."

"तिची परीक्षा आहे," शाल्मली म्हणाली. एवढंच तिला सुचलं.

"मी सांगितलं तिला. तीन वर्षं म्हणजे काय, तेही समजावलं. ती म्हणाली, आई जाणार आहे आणि आजोबा एकविसाव्या दिवसापर्यंत टिकणार नाहीत, मग माझ्याशिवाय आहे कोण?" डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "तिचा नकार चांगला मजबूत होता हो. पहिल्या यादीत तिचा बिंदू चार महिन्यांवर होता. पण एका छपराखाली दोन नकार असतात तेव्हा त्यांचं वजन एकमेकांवर पडतं. तुमचा जसा वाढत गेला तसा तिचा उतरत गेला. आलेख दाखवू का?"

"नको."

बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला. डॉक्टर आवाज खाली आणून म्हणाले, "एक वाट आहे. बहात्तर तासांच्या आत दुसऱ्या स्थानिक माणसानं त्याच कामाला होकार दिला, तर पहिला रद्द होतो. मुलगी मोकळी होईल. शिरवळला परत जाईल. अर्ज इथंच आहे." त्यांनी टेबलाच्या खणातून एक कागद काढला आणि तिच्यापुढे ठेवला. वर पेन ठेवलं.

शाल्मलीनं कागदाकडे पाहिलं. कुठल्याही आईला यात विचार करण्यासारखं काय होतं? सही करायची आणि घरी जाऊन पोरीची पिशवी भरायची. तिचा हात पुढे झाला आणि पेनाच्या अलीकडे टेबलावर टेकला.

"माझा आकडा आता किती आहे?" तिनं विचारलं.

"तो ऐकू नका."

"सांगा."

"एकशे अठरा दिवस," डॉक्टर म्हणाले.

"आणि मुदत तीन दिवसांची."

"हो."

"म्हणजे तुमचं गणित म्हणतं मी सही करणार नाही. माझ्या मुलीसाठीसुद्धा."

शाल्मलीला संताप यायला हवा होता, आणि खरं सांगायचं तर तो यावा म्हणून ती वाटही पाहत होती. पण संतापाच्या कितीतरी आधी, डॉक्टर 'सहीही करून गेली' म्हणाले त्याच क्षणी, तिच्या छातीत एक गोष्ट येऊन गेली होती आणि तिनं ती ओळखली होती. ती होती सुटका. रुंजीचं नाव डोक्यात उमटण्याआधी, तिचा चेहरा, तिची परीक्षा, तिची तीन वर्षं डोळ्यांपुढे येण्याआधी तिला वाटून गेलं होतं: सुटले! आता तिला त्याची भयंकर लाज वाटत होती. स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटत होतं. पण हात जिथं टेकला होता तिथून हलत नव्हता, आणि तो हलावा म्हणून ती जोर लावतेय की हलू नये म्हणून, हे तिचं तिलाही सांगता येईना.

"विचार करायला वेळ आहे तुम्हाला," डॉक्टर हळूच म्हणाले.

"विचार कसला त्यात? पोटची पोर आहे," शाल्मली म्हणाली. तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. तिनं खुर्ची मागं सारली, पर्स खांद्याला लावली. "यार्डातला ट्रक आज निघायचाय, तेवढा मार्गी लावते. उद्या येते मी सही करायला."

"या की," डॉक्टर म्हणाले. त्यांनी कागद उचलून पुन्हा खणात ठेवला.